तिकिटामागे लिहिलेले दहा रुपये

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चांगलं नाही. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे मला चौथीत कळलं नव्हतं आणि चौथीनंतर ते विचारायला कुणी आलं नाही. अक्षर तर असं आहे की कोंबडीनं उकिरडा उकरावा. ही वही नातीची आहे, अर्धी कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही. पण शेजारच्या घराला आज कुलूप लागलं आणि विमलताईंबद्दल मला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

विमलताई एसटीत कंडक्टर होत्या. त्यांचे मालक एसटीत ड्रायव्हर होते, ते तरुणपणीच वारले. त्यांच्या जागेवर ताईंना नोकरी लागली. तेव्हा आमच्या डोणगावात बाई कंडक्टर कुणी पाहिली नव्हती. साडीवर खाकी कोट, खांद्याला चामड्याची पिशवी, बोटांत उभ्या घडीच्या नोटा. माणसं नुसती पाहायला गाडीत चढायची. ताई म्हणायच्या, "पाहाचं तं पाहा, पण तिकीट काढून पाहा."

त्या रिटायर झाल्या, पण त्यांच्यातला कंडक्टर रिटायर झाला नाही. आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीवर एक पत्रा होता. त्यावर त्या हातानं एक थाप मारायच्या. एक थाप म्हणजे थांब, हातातलं काम ठेव, मला बोलायचं आहे. दोन थापा म्हणजे चल, निघ. मी कधी हाकेला ओ दिली नाही. मी कुणालाच मोठ्यानं ओ देत नाही. पण थापेला मी बरोबर जायची.

लग्नाच्या मांडवात त्या शिरल्या की मागे अडकलेली माणसं आपोआप पुढे जायची. "पुढं सरका, पुढं मोकळं हाय!" एकदा तेराव्याच्या पंगतीतही हेच म्हणाल्या आणि ज्याचा बाप गेला होता तो मुलगाही हसला. कुठेही गेल्या तरी बसायच्या नाहीत. खांबाला कंबर टेकून उभ्या. मी खुर्ची दिली की म्हणायच्या, "राहू दे वं सुमन, बसलं की मले झोप येते."

दोन गोष्टी त्यांच्याकडे चालायच्या नाहीत. फुकट प्रवास आणि बुडवलेले सुट्टे.

फुकट प्रवासाचं असं, की एकदा त्यांची सख्खी नणंद मेहकरला गाडीत बसली. ताईंनी तिचं तिकीट फाडलं. नणंद भर गाडीत ओरडली, "मह्या भावाच्या जागेवर लागली आन् मह्यापाशीच पैसे मांगून राह्यली?" ताई म्हणाल्या, "जागा भावाची हाय बाई, गाडी भावाची नाही." नणंद दोन वर्षं बोलली नाही. पण तिनंही पैसे दिले होते.

सुट्ट्यांचं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कंडक्टरपाशी सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे आकडा लिहून देतात, उतरताना मागून घ्यायचं. माणूस घाईत उतरतो, विसरतो. तो विसरला की कंडक्टरही विसरतो. ताई विसरायच्या नाहीत. एका म्हाताऱ्याचे अठरा रुपये राहिले होते. तो फाट्यावर उतरून शेताकडे निघून गेला. ताई सुट्टीच्या दिवशी चौकशी करत करत त्याच्या शेतात गेल्या. म्हातारा म्हणाला, मी तर गाडीतच बसलो नाही. त्यांनी त्याला तो दिवस, ती सीट, त्याच्या मांडीवरची कोंबडी, सगळं आठवून दिलं. मला येऊन सांगत होत्या, "बुढ्यानं अठरा रुपये घेतले आन् दोन किलो वांगे देल्ले. आता सांग, घाट्यात कोण गेलं?"

आता एका दूरच्या देशाचं सांगते.

आमच्या इकडे लोणारचं सरोवर पाहायला गोरे लोक येतात. पाठीवर हे एवढं मोठं बोचकं घेऊन मेहकरच्या गाडीत चढतात. अशी एक पोरगी एकदा ताईंच्या गाडीत होती. सीट नव्हती म्हणून ताईंनी तिला आपल्या कंडक्टरच्या सीटवर बसवलं. तिला थोडं हिंदी येत होतं. ती आठ महिने अशीच एकटी फिरत होती. तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. व्हिएतनाम नावाचा देश. एवढी मोठी नदी की पलीकडचा काठ बारीक रेघ दिसतो. पहाटे नदीवरच बाजार भरतो, होडीतून भाजी आणि होडीतच गिऱ्हाईक. आणि एका फोटोत एक बाई होडीच्या तोंडाशी उभी राहून भाडं घेत होती. बोटांत उभ्या घडीच्या नोटा.

"मह्यावानीच!" ताई मला सांगत. "पाण्यातली कंडक्टरीण. मी म्हणलं, रिटायर झाली का हिच्या होडीत बसाचं. तिकीट काढून. खिडकीपाशी."

"होडीले खिडकी नसते ताई," मी म्हटलं होतं.

"मंग काठापाशी."

हे त्यांनी दहा वर्षं मनात धरून ठेवलं. रिटायर झाल्यावर आपल्या पोरीला सांगितलं. पोरगी नाशिकला असते. ती म्हणाली, आई, यात्रा कंपनीबरोबर जा, जेवण-खाण सगळं ते पाहतात. ताईंना ते पटेना. "त्याईची गाडी, त्याईचा टाइम, आन् मी का पार्सल हाय?" शेवटी पोरीनं मोबाईलवर विमानाचं पाहून दिलं, पण एकटी जाऊ नको म्हणून बजावलं.

मग एक दिवस पत्र्यावर एक थाप पडली. मी गेले.

"तू चाल मह्यासंग," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, मेहकरला.

"मी काऊन?" मी विचारलं.

"एकट्या बाईले खोली महाग पडते. दोघीत अर्धी होते. आन् तू बोलत नाही. बोलणाऱ्या बायाईले काही दिसत नाही."

मी आयुष्यात अकोल्याच्या पुढे गेले नव्हते. माझ्या भिशीचे आठ हजार होते, तेवढेच. मी मान हलवली, नाही म्हणून. ताई म्हणाल्या, "फुकट नेईन असं म्हणली का मी? तिकीट तुह्यं तूच काढशीन. आता मी भरते, मंग फेड. पण फेडा लागन, सांगून ठेवते. एक रुपया सोडणार नाही."

घरी आमच्या यांना सांगितलं. यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. हे दोन दिवस नळीला वॉशर बसवत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जा. पण कोणाच्या उपकारावर नको. वापस करशीन तरच जा." माझी जाऊ शांताबाई तिथेच होती. ती म्हणाली, "वापस करते ही! बाजारात दुकानदारापाशी पापडाचे पैसे मांगाले तोंड उघडत नाही, आन् विमानाचे पैसे फेडते!"

ती खोटं बोलत नव्हती. मी उन्हाळ्यात पापड, कुरडया, सालपापड्या करून एका दुकानदाराला देत असे. तो पैसे दिवाळीला द्यायचा, कधी कमी द्यायचा. मी मागायची नाही. पण त्या दिवशी मी मनात ठरवलं. देईन. एक रुपया ठेवणार नाही.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. सुमननं काय केलं म्हणून बाया एकमेकींना विचारू लागल्या. तो मला विचारत होता आणि मी पदर तोंडाला लावून उभी. ताई भिंतीवरून म्हणाल्या, "साहेब, तिच्यावर कोणता गुन्हा नाही. असता तरी तिले सांगता आला नसता."

मेहकरला ताडपत्रीवाल्याकडून ताईंनी दोन बोचकी शिवून घेतली. त्यांना खिसे लावले आपल्या जुन्या खाकी कोटाचे. माझ्या पाठीवर ते बोचकं पहिल्यांदा चढवलं तेव्हा मला वाटलं, मी आता मागे पडते. ताईंनी मागून हात लावला आणि दोन थापा दिल्या. चल.

विमानात त्या दोनदा पुढून मागे चालून आल्या. बसल्यावर माझ्या कानात म्हणाल्या, "एकशे एक्याऐंशी. तीन सीटा खाली चालल्या. वाटेत तिघं तरी घ्याचे होते."

पहिलं शहर फार मोठं होतं. दुचाक्यांचा पूर आलेला असतो तिथे, दिवसभर. थांबतच नाही. आम्ही एका रस्त्याच्या काठाला किती वेळ उभ्या होतो. मग एक म्हातारी आली, हातात कोथिंबिरीची जुडी. ती त्या पुरात सरळ उतरली, हळूहळू, कुठे न पाहता. गाड्या तिच्या बाजूनं वळून जात होत्या. ताई म्हणाल्या, "पाह्य, थांबाचं नाही आन् पळाचंही नाही. चाल." एका हातात माझा हात, दुसरा हात वर, एसटीला हात दाखवावा तसा. मी डोळे मिटले.

"डोळे उघड वं! डोळे मिटून पाहाचं होतं तं डोणगावात फुकट होतं."

मी डोळे उघडले. एका गाडीवर तीन पोरं आणि एक आरसा चालला होता. त्या आरशात मला मी दिसले, पाठीवर बोचकं, पदर खोचलेला. मी ओळखलं नाही आधी.

तिथल्या नोटांवर शून्यंच शून्यं. वीस हजाराचं नारळपाणी प्यालो. ताई हसल्या, "आपल्या गावात लखपतीले पाटील म्हणतात. इथं लाखात दोघींचं जेवण होते." आणि त्या शून्यांमध्ये त्या एकदाही चुकल्या नाहीत. मला मात्र रोज वाटायचं, माझं देणं इथल्या नोटांत किती होईल. ते मोजायला मला आकडे येत नव्हते.

जेवणाचं थोडं कठीण गेलं. ताईंनी दशम्या आणि ठेचा आणला होता, तो पाच दिवस पुरला. मग नुसता भात आणि केळी. पण पौर्णिमेला तिथली बरीच माणसं मांस-मच्छी खात नाहीत. त्या दिवशी एका देवळापाशी आम्हाला केळफुलाची भाजी मिळाली, आणि परक्या मुलखात बायांच्या पंगतीत बसून मी पोटभर जेवले. कुणी काही विचारलं नाही. सगळ्या माझ्यासारख्याच गप्प खात होत्या.

नदीकाठच्या गावांकडे जायची बस निराळी होती. चढताना चपला काढून पिशवीत घालायच्या आणि आत आडवं पडून जायचं. तिथल्या कंडक्टरनं ताईंना नोट मोडून पूर्ण सुट्टे परत दिले, मोजून. ताईंनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. त्याला काही कळलं नाही. पुढे एका अरुंद गल्लीत त्या बसला मागे घ्यायचं होतं. ड्रायव्हर घाबरत होता. ताई चपला न घालताच खाली उतरल्या, मागे गेल्या आणि पत्र्यावर थाप मारत येऊ दे येऊ दे म्हणून ओरडू लागल्या. भिंतीपाशी एक थाप. गाडी थांबली. मग दोन थापा. गाडी निघाली. ताई आत आल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पत्र्याची भाषा सारीकडं एकच असते."

पुढे बस संपली आणि होडी लागली. लाकडी, लांब, मागे इंजिन. होडीवाली बाई आमच्याच वयाची, डोक्यावर गवताची टोपी, एकटीच. तीच होडी चालवणार, तीच भाडं घेणार. काठावर गर्दी. फळांच्या टोपल्या, बदकं, शाळेची पोरं, एक सायकल. ताई म्हणाल्या, "आज मी बसणार. काठापाशी." आणि खरंच जाऊन बसल्या. मी शेजारी.

पण चढणारी माणसं तोंडाशीच अडकून उभी राहिली. मागचे ओरडू लागले. होडी एका अंगाला झुकली. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती. मग उठल्याच.

"पुढं सरका! पुढं मोकळं हाय! ए बाप्पू, सायकल मागं घे. बदकं खाली ठेवा, बदकं!"

मराठीत. आणि सगळे सरकले. सायकल मागे गेली, बदकं खाली गेली, पोरं मधे बसली, होडी सरळ झाली. पुढे काय झालं ते मी कधी विसरणार नाही. एका म्हातारीनं कमरेची पिशवी उघडली आणि भाड्याची नोट ताईंच्या हातात दिली. तिच्या मागच्यानंही दिली. त्यांना वाटलं, होडीवालीनं नवीन बाई ठेवली आहे. ताई एक क्षण तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी नोटेला उभी घडी घातली आणि बोटांत धरली. पुढची धरली. होडीभर फिरल्या. माझ्यापाशी आल्या आणि हात पुढे केला. मीही दिली.

पलीकडे लागल्यावर त्यांनी सगळ्या नोटा होडीवालीच्या हातात ठेवल्या. दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून त्यातलं एक बोट मिटलं. एकोणीस माणसं. मग एका टोपीवाल्या माणसाकडे बोट दाखवलं. त्यानं दिले नव्हते. तो उतरायच्या घाईत होता. सगळी होडी हसली आणि त्यानं खिशात हात घातला. होडीवालीनं आमच्या दोघींचं भाडं परत द्यायला काढलं. ताईंनी तिची मूठ मिटवली. मग ती बाई आम्हाला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली.

घर नदीला लागूनच होतं. काठावर बांबूच्या तट्ट्या उभ्या केलेल्या आणि त्यांच्यावर गोल, पांढऱ्या, कागदासारख्या सालपापड्या वाळत होत्या. शेकड्यांनी. आणि तो वास. तांदळाची वाफ. माझ्या आईचा उन्हाळा.

होडीवालीची आई चुलीपाशी बसली होती. आपण ताटलीला पीठ लावून एक एक वाफवतो. तिनं पातेल्याच्या तोंडावर पातळ कापड ताणून बांधलं होतं. त्यावर पळीभर पीठ, पळीच्याच बुडानं गोल फिरवायचं, वर झाकण, आणि दोन श्वासांत बांबूच्या कामटीनं अलगद उचलायचं. मोठी, ताटाएवढी. मी उभी राहून पाहत होते. मग मी बोचकं काढलं आणि बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं. मी असं कधी करत नाही.

पहिल्या तीन फाटल्या. म्हातारीनं माझ्या मनगटावर चापट मारली आणि कामटी कशी तिरपी धरायची ते दाखवलं. चौथी अख्खी निघाली. म्हातारी काहीतरी बोलली. मी म्हटलं, "पीठ जरा आंबू दिलं तर?" म्हटलं तर मराठीत, पण मोठ्यानं म्हटलं. परक्या बाईला. ती हसली आणि मला पुढची पळी दिली.

ताई दारात उभ्या होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "आपण इथंच राहू. दोन दिवस."

"आन् नदीवरचा बाजार?" मी विचारलं. तोच फोटोतला बाजार, दहा वर्षं धरून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे जायचं होतं आणि आमच्याकडे दिवस मोजके होते.

"हुकला तं हुकला. तुह्यं शिकणं अर्ध्यावर कशाले तोडू?"

मी दोन दिवस चुलीपाशी होते. ताई काठावर निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. खरोखर बसल्या. कंबर टेकून नाही, पाय पसरून. होड्या जात होत्या, त्या पाहत होत्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर इतका वेळ बसलेलं पाहिलं नाही.

परत आल्यावर ताईंनी हिशोब कागदावर मांडला. माझी भिशी वजा जाता एकेचाळीस हजार सहाशे नव्वद. कागद मला वाचून दाखवला. त्यात नदीवरचा बाजार नव्हता. मी म्हटलं, "ताई, माह्यापायी तुमचा बाजार गेला, त्याचं काय?"

"त्याचं काय? थे दोन दिवस मी बसली होती. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा. त्याचे पैसे मी तुले देऊ का आता?"

शांताबाईनं गल्लीत सांगून ठेवलं होतं, सुमन फुकटात इमानात बसून आली. मला वाईट वाटायचं ते यासाठी नाही, की ती बोलते. यासाठी, की ते अजून खरं होतं. ताईंचंच म्हणणं होतं, तिकीट फाडल्याशिवाय प्रवास आपला होत नाही. मला ती नदी, तो आरसा, ती म्हातारी माझी करायची होती.

यांनी मला मोठ्या पातेल्याला लोखंडी कडं करून दिलं, कापड ताणायला. बुरडाकडून तट्ट्या आणल्या. मी पीठ रात्रभर आंबवलं, जिरं घातलं. ताटाएवढ्या सालपापड्या, आरपार दिसतील इतक्या पातळ. पूर्वी दिवसाला जेवढ्या व्हायच्या त्याच्या तिप्पट होऊ लागल्या.

पाचशे जमले की मी ताईंकडे जायची. हजार जमले की जायची. ताईंनी जुन्या लग्नपत्रिका तिकिटाएवढ्या कापून ठेवल्या होत्या. भंगारातून एक जुना पंच घेतला होता. पैसे मोजून घ्यायच्या, पत्रिकेच्या तुकड्यावर रक्कम लिहायच्या आणि पंच करून द्यायच्या. टिक. एका तिकिटावर अर्धा गणपती, एकावर नुसतं 'आमच्या मामाच्या लग्नाला'. नात एकदा म्हणाली, आजी, फोनवर पाठव ना पैसे. ताई म्हणाल्या, "फोनवर आले तं मी पंच कशाले मारू?"

दीड वर्ष असं चाललं. मग ताईंचे गुडघे गेले. पोरगी आली आणि म्हणाली, आता नाशिकलाच चल. आठ दिवसांत निघायचं ठरलं. माझे तीन हजार चारशे नव्वद राहिले होते. दुकानदाराकडे माझे त्याहून जास्त निघत होते, पण तो म्हणाला, पुढच्या महिन्यात पाहू.

शांताबाई म्हणाली, "आता सोडून देईन थी. जातावक्ती कोण मांगते?" हेही म्हणाले, नंतर पाठवून देऊ. पण ताईंनी भिंतीवरून मला स्पष्ट विचारलं, "सुमन, गुरुवारची नऊची गाडी हाय मही. तुह्यं कसं?"

त्या सोड म्हणाल्या असत्या तर मी घरात जाऊन रडले असते. त्यांनी विचारलं म्हणून मी म्हटलं, "देते."

आठवडी बाजाराला मी सगळा माल पाटीत भरला आणि स्वतः जाऊन बसले. पहिल्यांदा. दोन तास झाले, कुणी थांबेना. शेजारचा लसूणवाला ओरडत होता, पलीकडची मिरचीवाली ओरडत होती. मी पदर धरून बसलेली. ऊन चढलं. माझ्या मनात गुरुवार आला आणि तोंड उघडलं गेलं. पण काय ओरडायचं हे मला माहीत नव्हतं. तोंडातून निघालं ते हेच:

"पुढं या! पुढं मोकळं हाय!"

लसूणवाला गप्प झाला. दोन बाया हसत हसत पुढे आल्या. मी सालपापडी उन्हात धरली आणि तिच्यातून त्यांना त्यांचाच हात दाखवला. मग मी ओरडतच राहिले. चार वाजता पाटी रिकामी होती आणि माझा आवाज बसला होता.

आज गुरुवार. सकाळी मी बसस्टँडवर गेले. हेही आले होते, शांताबाईही आली होती. ताई खाकी खिशाचं तेच बोचकं घेऊन उभ्या, पोरीनं दुसरं सामान चढवलेलं. मी पाचशेच्या सात नोटा दिल्या. त्यांनी मोजल्या. पिशवीतून पत्रिकेचा तुकडा काढला, लिहिलं, पंच केलं. टिक. मग त्या थांबल्या.

"दहा रुपये द्या लागते तुले. सुट्टे नाही मह्यापाशी. बटवा सामानात गेला."

"राहू द्या ना ताई."

"राहू कशाले देऊ?" त्यांनी तिकीट उलटं केलं आणि मागे लिहिलं, १०. माझ्या हातात दिलं. तोवर कंडक्टरनं चला चला म्हटलं. त्या चढल्या. मी पाहिलं, खिडकीपाशी बसल्या.

गाडी निघाली. रस्त्याला लागली, थोडी पुढे गेली आणि आतून एक घंटी वाजली. गाडी थांबली. खिडकीतून ताईंचा हात बाहेर आला, दोन बोटांत दहाचं नाणं. मी पळत गेले. मी, सगळ्यांसमोर, रस्त्यावरून.

"कंडक्टरपासून मोडून घेतले," त्या म्हणाल्या. "मेहकरवरी दम निघाला नसता. घे. आन् मागचं खोडून टाक."

"परत येजा ताई," मी म्हटलं. मोठ्यानं.

त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटतं, त्यांनाही तोंडानं काही सांगता येत नव्हतं. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता. मी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. एक, आणि दुसरी. गाडी निघाली.

परत फिरले तर शांताबाई म्हणाली, "झालं का वं सारं?"

"झालं," मी म्हटलं.

घरी येऊन तिकिटांचा डबा उघडला, शेवटचं तिकीट वर ठेवलं. ते दहा खोडायला पेन शोधला, नातीच्या वहीत अडकवलेला सापडला. आडवी रेघ मारली. आता माझं त्यांच्याकडे काही नाही आणि त्यांचं माझ्याकडे काही नाही. सगळे पैसे फिटले.